इच्छा तिथे मार्ग. पण इच्छाच गेली तर?

शाळेत फळ्याच्या कोपऱ्यात रोज एक सुविचार लिहावा लागायचा, आठवतंय? माझी पाळी आली की माझा सुविचार ठरलेला असायचा. ‘इच्छा तिथे मार्ग.’ छोटा, शुद्धलेखनाची भीती नाही आणि बाईही खूश. कॉलेजात आल्यावर तोच सुविचार जिमच्या भिंतीवर दिसला. मग रील्समध्ये दिसायला लागला. पहाटे पाचला उठून थंड पाण्याने अंघोळ करणारा कुणीतरी दादा कॅमेऱ्यात बघून सांगतो, ‘भावा, तुझ्याकडे सगळं आहे, फक्त विलपॉवर नाही.’

या सगळ्यात आपण एक गोष्ट न तपासता धरून चाललोय. इच्छा ही पूर्णपणे आपल्या हातातली गोष्ट आहे, असं आपल्याला वाटतं. हात मोडू शकतो, नजर जाऊ शकते, किडनी बंद पडू शकते. इच्छा मात्र बंद पडत नाही. ती असतेच, माणूस फक्त वापरत नाही. आणि जो वापरत नाही तो आळशी.

मीही असंच मानत होते. माझ्या मामामुळे ते बदललं. पण बदलायला दीड वर्ष उशीर झाला. तेवढा वेळ तुमच्या घरात जाऊ नये म्हणून हे लिहितेय.

‘बरं’ म्हणणारा माणूस

मामाचं नाशिकला मोटार रिवाइंडिंगचं छोटं दुकान. पंखे, मिक्सर, पाण्याच्या मोटारी. सकाळी नऊला शटर वर, रात्री नऊला खाली. सणासुदीलाही कुणाची पाण्याची मोटार बंद पडली तर हा पाना-पकड घेऊन निघायचा. मामी वैतागायची, पण माणूस असाच होता.

चार वर्षांपूर्वी दिवाळीनंतर एका सकाळी त्याला चक्कर आली, बोलताना जीभ अडखळली. ॲडमिट केलं. छोटा स्ट्रोक होता, थोडक्यात वाचलात, असं सांगून पाच दिवसांनी घरी सोडलं. हात चालत होते, पाय चालत होते, बोलणं परत स्वच्छ झालं होतं. बीपीची गोळी, मीठ कमी आणि महिनाभर आराम. आजीने देवीला नारळ फोडला.

महिना झाला, दोन झाले. मामा दुकानात गेला नाही. गॅलरीतल्या खुर्चीत बसून राहायचा. मामीने ‘अहो, अंघोळ करून घ्या’ म्हटलं की ‘बरं’ म्हणून उठायचा आणि नीट अंघोळ करून यायचा. नाही म्हटलं तर दुपारचे दोन वाजले तरी तसाच. समोर ठेवलेल्या चहावर साय धरायची. ‘चहा घ्या’ म्हटलं की तो थंड चहा पिऊन टाकायचा. चिडायचा नाही, रडायचा नाही, तक्रार नाही.

घरात प्रत्येकाने आपापलं निदान केलं. आजी म्हणाली, नजर लागली. आई म्हणाली, मनाला लावून घेतलंय. मामेभावाने मोबाइलवर मोटिव्हेशनल व्हिडिओ लावून दिले. मामाने ते शांतपणे शेवटपर्यंत पाहिले आणि व्हिडिओ संपल्यावर काळ्या स्क्रीनकडे बघत बसला. शेजारी म्हणायला लागले, ‘हातपाय धड आहेत, बायकोच्या जिवावर बसून खातोय.’ मामी तोवर घरी पापड-शेवया करून विकायला लागली होती.

आणि मी? मी एफवायला होते. उन्हाळ्यात गेले होते तेव्हा मामीला रडताना पाहिलं आणि तडक गॅलरीत जाऊन विचारलं, ‘मामा, तुला काहीच वाटत नाही का रे?’ त्याने खरंच विचार केला. मग म्हणाला, ‘नाही गं. काहीच वाटत नाही.’

मला तो निर्लज्जपणा वाटला. दोन दिवस मी त्याच्याशी बोलले नाही. खरंतर आमच्या घरात त्या दीड वर्षात कुणी सांगितलेलं ते सगळ्यात अचूक लक्षण होतं. पण ते ऐकायला तिथे डॉक्टर नव्हता, मी होते.

पंख्याचा कंडेन्सर

पुढे डोकं दुखतं म्हणून मामाला दुसऱ्या एका न्यूरॉलॉजिस्टकडे नेलं. त्यांनी मामीला दोनच प्रश्न विचारले. ‘सांगितलं की करतात का?’ मामी म्हणाली, हो, लगेच. ‘आणि नाही सांगितलं तर?’ मामी गप्प झाली. एमआरआय झाला. मेंदूच्या आत खोलवर, दोन्ही बाजूंना, बारीक इजा होती. एका बाजूची जुनी, ती कधी होऊन गेली ते कळलंही नव्हतं. दुसरी त्या दिवाळीनंतरची. डॉक्टर म्हणाले, ‘हा आळस नाही, आणि हे फक्त नैराश्यही नाही. याला एपॅथी म्हणतात. खूप तीव्र असेल तर अबुलिया.’

अबुलिया हा शब्द ग्रीकमधून आलाय. अर्थ सरळ आहे, इच्छेचा अभाव.

हे मला समजलं ते मामानेच लहानपणी शिकवलेल्या एका गोष्टीमुळे. घरातला एखादा पंखा बटण दाबल्यावर नुसता हूं करतो, फिरत नाही. पण काठीने पातं जरा ढकललं की फिरायला लागतो. मामा म्हणायचा, मोटार जळलेली नाही, वायरिंग ठीक आहे, करंटही येतोय. सुरुवातीचा धक्का देणारा कंडेन्सर तेवढा गेलाय. मामाचंही नेमकं हेच झालं होतं. हात, पाय, बुद्धी, आठवण सगळं जागेवर. फक्त आतून मिळणारा धक्का गेला होता. मामीचं ‘अंघोळ करून घ्या’ ही ती काठी.

वैद्यकशास्त्रात याची नोंद जुनी आहे. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला डोमिनिक लाप्लान या फ्रेंच न्यूरॉलॉजिस्टने एका रुग्णाबद्दल लिहिलं. गांधीलमाशी चावल्यानंतर आलेल्या आजारात त्याच्या मेंदूतल्या ग्लोबस पॅलिडस नावाच्या भागाला दोन्ही बाजूंनी इजा झाली होती. आधी चांगला कामसू असलेला हा माणूस नंतर काहीही न करता तासन्‌तास बसून राहायचा, आणि त्याला त्याचा कंटाळाही यायचा नाही. पण कुणी काम सांगितलं तर करायचा. लाप्लानने या अवस्थेला जे फ्रेंच नाव दिलं त्याचा अर्थ साधारण असा, मन आपोआप सुरू होण्याची क्षमता जाणं.

त्याही आधी, १९४१ मध्ये, ह्यू केर्न्स या ऑक्सफर्डच्या मेंदूशल्यविशारदाने चौदा वर्षांच्या एका मुलीची हकिकत नोंदवली होती. मेंदूच्या मध्यभागी वाढलेल्या गाठीमुळे ती न बोलता, न हलता पडून असायची. डोळे उघडे, नजर समोरच्या माणसाबरोबर फिरायची, पण ती गप्पच. गाठीतलं पाणी काढलं की ती बोलू लागायची. गाठ परत भरली की परत शांत. आता सांगा, या मुलीला ‘मनावर घे’ म्हणून काय उपयोग झाला असता?

सर्पगंधा, ससे आणि तुमचं डोपामाइन

एखादी गोष्ट करायची म्हटलं तर मेंदूला बरीच कामं करावी लागतात. काय करता येईल ते सुचणं, त्यासाठी लागणारे कष्ट आणि मिळणारा फायदा यांचा हिशोब मांडणं, आणि मग सुरुवात करणं. यासाठी मेंदूचा पुढचा भाग आणि आत खोलवर असलेले बेसल गँग्लिया यांच्यात सतत देवाणघेवाण चालते. हा रस्ता कुठेही तुटला, स्ट्रोकने, मार लागून, पार्किन्सन्समध्ये किंवा अल्झायमर्समध्ये, तरी परिणाम तोच दिसू शकतो. माणूस सगळं जाणतो, पण सुरू होत नाही.

या रस्त्यावरचं एक महत्त्वाचं रसायन म्हणजे आपलं लाडकं डोपामाइन. त्याच्या शोधाची एक सुरुवात आपल्या मुंबईशीही जोडलेली आहे. सर्पगंधा ही आपल्याकडची जुनी औषधी वनस्पती. मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ मध्ये उच्च रक्तदाबावर तिचा उपयोग होतो हे ब्रिटिश नियतकालिकातून जगासमोर मांडलं. पुढे १९५२ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या शास्त्रज्ञांनी सर्पगंधेतून रेसर्पिन हे द्रव्य वेगळं काढलं. त्याने रक्तदाब उतरायचा, पण काही रुग्ण सुस्त आणि उदास व्हायचे.

१९५७ मध्ये स्वीडनच्या आर्विड कार्लसन यांनी सशांना हेच रेसर्पिन दिलं. मेंदूतला डोपामाइनसारख्या रसायनांचा साठा रिकामा झाला आणि ससे कान पाडून निपचित बसले. मग त्यांना एल-डोपा टोचलं. हे द्रव्य मेंदूत जाऊन त्याचं डोपामाइन बनतं. थोड्याच वेळात ससे परत सावध होऊन हालचाल करायला लागले. या संशोधनासाठी कार्लसन यांना २००० मध्ये नोबेल मिळालं. पार्किन्सन्सच्या रुग्णांना आजही एल-डोपा देतात.

पुढे उंदरांवर झालेले प्रयोग तर डोळे उघडणारे आहेत. मेंदूच्या एका विशिष्ट भागातलं डोपामाइन कमी केलेल्या उंदरांसमोर दोन पर्याय ठेवले. समोर पडलेलं साधं खाणं, किंवा जास्त मेहनत करून मिळणारं आवडीचं खाणं. साधे उंदीर मेहनत करायचे. डोपामाइन कमी झालेले उंदीर समोरचं खाऊन घ्यायचे. आवड गेलेली नव्हती. तेच आवडीचं खाणं फुकट मिळालं तर ते आवडीने खायचे. आवडीसाठी उठण्याची तयारी तेवढी गेली होती. म्हणजे डोपामाइन हे नुसतं ‘मजा’ देणारं रसायन नाही. मजेसाठी उठायला लावणारं रसायन आहे.

म्हणून पुढच्या वेळी कुणी ‘डोपामाइन डिटॉक्स करतोय’ असं स्टेटस टाकलं की मला ते ससे आठवतात. मोबाइल बाजूला ठेवायचा असेल तर जरूर ठेवा, चांगलीच गोष्ट आहे. पण डोपामाइन हे शरीरातून बाहेर काढायचं विष नाही. ते खरंच संपलं तर मोबाइल बाजूला ठेवायलाही हात उठणार नाही.

मग आपण सगळेच आजारी का?

आता तुमच्या मनात आलेला प्रश्न मला माहितीये. हे वाचून उद्या प्रत्येक जण म्हणेल, मला अबुलिया आहे, मी सबमिशन करत नाही.

तर नाही. सबमिशनच्या आदल्या रात्री तीन वाजेपर्यंत रील्स बघणं हा अबुलिया नाही. तिथे काहीतरी करण्याची इच्छा आहे, फक्त ती सबमिशनची नाही. शिवाय तुम्हाला त्याचं वाईट वाटतंय, घाबरायला होतंय, सकाळी स्वतःलाच शिव्या देताय. मामाला यातलं काहीच होत नव्हतं. रॉबर्ट मॅरिन या अमेरिकन मनोविकारतज्ज्ञाने १९९० च्या सुमारास एपॅथीची जी मांडणी केली, तिचा गाभाच हा होता की प्रेरणा कमी होते, पण त्यामागे बेशुद्धी नसते, बुद्धी गेलेली नसते आणि मनाला होणारा त्रासही नसतो. नैराश्यात माणूस बुडत असतो आणि त्याला ते जाणवत असतं. एपॅथीत पाणी आहे हेच जाणवत नाही. अर्थात दोन्ही एकत्रही असू शकतात, म्हणून निदान डॉक्टरांनीच करायचं असतं. ते माझं काम नाही, तुमचंही नाही आणि रील्समधल्या दादाचं तर अजिबात नाही.

पण म्हणून दुसऱ्या टोकालाही जाऊ नका. अभ्यासिकेत तिसऱ्या अटेम्प्टला बसलेली, पूर्वी सकाळी सातला जागा पकडणारी तुमची मैत्रीण गेले दोन महिने अंथरुणातून उठत नसेल, तर ‘सिरियसनेस गेला तिचा’ हेही निदान नाही. नैराश्य असेल. थायरॉइड असेल. रक्त कमी असेल. आपल्याकडे शाकाहारी घरांमध्ये बी-ट्वेल्व्हची कमतरता काही नवी नाही. यातल्या बऱ्याच गोष्टी साध्या रक्ततपासणीत कळतात आणि त्यावर उपचार आहेत. टोमण्यावर मात्र रक्त वाढत नाही.

मला विचाराल तर बघायची गोष्ट एकच आहे. बदल. जो माणूस आयुष्यभर आळशी आहे, तो असू दे आळशी. पण जो तसा नव्हता आणि काही आठवड्यांत, काही महिन्यांत तसा झाला, त्याला डॉक्टरकडे न्या. हे सांगायला मला मास कम्युनिकेशनची डिग्री लागत नाही. पण आमच्या घरात दीड वर्ष हे कुणालाच सुचलं नाही, त्यात मीही आले.

मामीला झालं असतं तर?

एक गोष्ट मला अजून छळते. मामाला शेवटी डॉक्टरकडे नेलं, कारण दुकान बंद पडल्याचं सगळ्यांना दिसत होतं. घरात येणारा पैसा थांबला होता. हेच मामीला झालं असतं तर? ती स्वयंपाक न करता गॅलरीत बसून राहिली असती, तर तिला एमआरआयला कुणी नेलं असतं? मला वाटतं, तिला आधी ‘माजली’ म्हटलं असतं, मग माहेरी पाठवलं असतं. आणि आजीला झालं असतं, तर ‘वय झालं आता’ म्हणून विषय संपला असता. पार्किन्सन्स किंवा अल्झायमर्स झालेल्या किती आजी-आजोबांची एपॅथी ‘म्हातारपण’ या एका शब्दाखाली झाकली जात असेल, विचार करा.

म्हणून माझी दोन मागण्या आहेत. पहिली डॉक्टरांकडे. स्ट्रोकच्या रुग्णाला घरी सोडताना हात उचलायला सांगता, चालून दाखवायला सांगता, मीठ किती खायचं ते सांगता. तसंच घरच्यांना दोन वाक्यं सांगा. ‘पुढचे काही महिने लक्ष ठेवा, हे स्वतःहून काही सुरू करतात का. नसतील करत, तर रागावू नका, आमच्याकडे परत या.’ दोन वाक्यांना अर्धा मिनिट लागतो. आमच्या घरात त्या अर्ध्या मिनिटाने मामाचं दीड वर्ष आणि मामीची कितीतरी रडणी वाचली असती.

दुसरी मागणी तुमच्याकडे. ‘आळशी’, ‘ऐतखाऊ’, ‘बसून खातो’ हे शब्द तोंडातून काढण्याआधी एक प्रश्न विचारा. हा आधीपासून असा होता का? आणि कुणी तुम्हाला ‘काहीच वाटत नाही’ असं सांगितलं, तर त्याला उद्धटपणा समजू नका. तो कदाचित तुम्हाला त्याचा आजार सांगत असेल.

एपॅथीवर सगळ्यांना चालेल असं एकच हमखास औषध आजही नाही. काहींना डोपामाइनवर काम करणाऱ्या औषधांनी फरक पडतो. मामाला थोडा पडला. त्याहून जास्त फरक पडला तो बाहेरून लावलेल्या शिस्तीने. मामीने फ्रिजवर पांढरा बोर्ड लावलाय. चहा. अंघोळ. गोळी. दुकान. त्याच्या मोबाइलला चार अलार्म आहेत. मामेभाऊ सकाळी त्याला दुकानात सोडतो. तिथला मुलगा ‘काका, ही मोटार बघा’ म्हणत एकेक काम पुढ्यात ठेवतो, आणि मामा ते पूर्वीसारखंच सफाईने करतो. दोन तास, कधी तीन. आता घरात कुणी त्याला ओरडत नाही. काठी लागते, एवढंच.

गेल्या महिन्यात मी गेले होते. गॅलरीत त्याच्या शेजारी बसून मोबाइल बघत होते. कुणीही काही न विचारता मामा म्हणाला, ‘तुझी परीक्षा कधी आहे?’ मामी आतून पोळी लाटता लाटता थांबली. तुम्हाला हे काहीच वाटणार नाही. आमच्याकडे त्या दिवशी शिरा झाला.

तुमच्याही घरात, हॉस्टेलवर, शेजारी असा कुणी बसलेला असेल, तर पुढच्या आठवड्यात त्याला डॉक्टरकडे घेऊन जा. आधी फॅमिली डॉक्टर चालतील, ते पुढे न्यूरॉलॉजिस्ट की मानसोपचारतज्ज्ञ ते सांगतील. आणि बसलेला माणूस तुम्ही स्वतः असाल, वाईट वाटतंय पण उठवत नसेल, तर टेली-मानसचा १४४१६ हा नंबर चोवीस तास चालू असतो, फुकट आहे आणि मराठीत बोलता येतं. फोन करायचीही इच्छा होत नसेल, तर हे पान शेजारच्याला दाखवा आणि त्याला लावायला सांगा.